सव्वादहाचा मुहूर्त

भात निघायला लागलं की आमच्या मावळात ज्याला त्याला सुगंध येतो आणि मला घाम फुटतो. खोटं नाही सांगत. परवा सकाळी कान्हे स्टेशनकडून दुकानाकडे चालले होते. रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर इंद्रायणीचं भात वाळत घातलेलं, दोन बाया पायांनी ते परतत होत्या, बांधावरच्या गवताला अजून दव होतं आणि कुठल्याशा घरातून नव्या तांदळाच्या पेजेचा वास येत होता. माझ्यापुढे एक पाहुणे गृहस्थ चालले होते. ते मध्येच थांबले आणि डोळे मिटून त्यांनी तो वास छातीभर घेतला. मी चपला फटफटवत त्यांना ओलांडून पुढे गेले आणि शटर उघडायच्या आधी फोन काढून पाहिलं, साईट चालू आहे ना. चालू होती. हल्ली ती चालूच असते. तरी पाहिल्याशिवाय माझं शटर वर जात नाही.

ही सवय काही वर्षांपूर्वीच्या एका हंगामातली आहे.

माझं दुकान म्हणजे दहा बाय बाराची एक खोली. आधी तिथे अब्बांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. आता झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, पॅनकार्ड, शाळाकॉलेजाचे फॉर्म. भिंतींनी मशीनच्या तेलाचा वास अजून सोडलेला नाही. अब्बांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. काढलेले स्क्रू ओळीने मांडायचे आणि गिऱ्हाईकासमोर मशीन उघडायचं नाही. "आतला पसारा बघितला की माणसाचा भरवसा उडतो," असं ते म्हणायचे. पहिली गोष्ट मी कधीच विसरले, दुसरी मात्र अंगात मुरली. माझं काही अडलं की मी बाहेर सांगते, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या," आणि आत कपाळ धरून बसते. निम्म्या वेळा सर्व्हरला काहीही झालेलं नसतं.

त्या वर्षी दिवाळी नुकतीच उरकली होती. हौसामावशी दुकानात आली. ही स्टेशनपासून चार किलोमीटर आतल्या गावाची, तिथल्या महिला बचत गटाची अध्यक्ष. पाय धुळीने भरलेले, पदरात कोंड्याचे कण. तिने काउंटरवर कागदाची एक पुडी ठेवली. आत ओंजळभर इंद्रायणी होता.

"शबाना, मोबाईलवर दुकान काडायचं हाय आमाला. तुला येतं का?"

"कसलं दुकान?"

"तांदळाचं. दर साल व्यापाऱ्याचा टेम्पो येतो न् भात घेऊन जातो. पुढं त्यात काय काय मिसळतो आन् आमच्या नावानं इकतो. मागल्या रविवारी लोणावळ्याला हायवेच्या कडंला बसलो व्हतो, तर लोक इचारतात, मावशी, खरा इंद्रायणी हाय ना? आता घ्या! आमचाच तांदूळ आन् आमालाच इचारतात."

मला असं कुठलंही दुकान येत नव्हतं. मी फॉर्म भरणारी बाई. पण "येत नाही" हे दोन शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत, हा माझा जुना रोग. मी म्हटलं, "त्यात काय एवढं! होऊन जाईल."

आणि मग कापणीपासून झोडणीपर्यंतचे ते दिवस. बाहेर शिवारात विळे चालले होते, खळ्यावर भाताच्या पेंढ्या फळीवर आपटल्याचा धप धप आवाज यायचा आणि मी दोन झेरॉक्सच्या मध्ये दुकान बांधायचा प्रयत्न करत होते. दुकानाचं सॉफ्टवेअर फुकट मिळालं. ते ठेवायला इंटरनेटवर जागा भाड्याने घ्यावी लागते. मी सगळ्यात स्वस्त जागा घेतली. एकाच मशीनवर शेकडो लोकांची दुकानं एकमेकांना खेटून असतात, ती. फाइली चढवल्या, अर्ध्यात वीज गेली. पुन्हा चढवल्या. दुकान उघडलं तर पानभर एकच वाक्य, की माहिती जिथे साठवलेली असते तिथपर्यंत पोहोचता येत नाही. चार दिवस तेच वाक्य. मी नाव तपासलं, पासवर्ड तपासला, जेवताना ताटाकडे न बघता तेच वाक्य मनात वाचत राहिले. पाचव्या दिवशी कळलं की नावाच्या पुढे खात्याची काही अक्षरं जोडायची असतात. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेल्या म्हाताऱ्या आबांना मी चहा पाजला. त्यांना कारण कळलं नाही. चहा मात्र त्यांनी बशीत ओतून, फुंकर घालत, सावकाश घेतला.

तिकडे मावशी वेगळीच लढाई लढत होती. गटातल्या अकरा घरांनी भात व्यापाऱ्याला न घालता घरातच ठेवावं, म्हणून ती दारोदार फिरली. पोतं घरात ठेवणं काही सोपं नसतं. उंदीर असतात, ओल असते, घरातली माणसं टोचून बोलतात. "नाही विकलं गेलं तर?" असं जो तो विचारी. मावशी प्रत्येकाला एकच सांगे, "इकलं जाईल. माझा शब्द हाय." दर रविवारी लोणावळ्याच्या रस्त्यावर गटातल्या बाया गाड्या थांबवून ओंजळ ओंजळ तांदळाच्या पुड्या फुकट वाटत होत्या. पुडीवर आमच्या साईटचा पत्ता आणि दुकान उघडायची तारीख यांचा शिक्का होता. तो शिक्का मी बनवून आणला होता आणि त्याचा मला फार अभिमान होता.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार ठरला. गुरवाने मुहूर्त काढून दिला, सकाळी सव्वादहा. देवीपुढे नारळ फोडायचा आणि त्याच घटकेला दुकान उघडायचं. हौसामावशीने गावभर निरोप धाडला की बरोबर सव्वादहाला ज्याने त्याने आपापल्या फोनवर दुकान उघडून बघायचं. पिंपरी-चिंचवडला, देहूरोडला नोकरीत असलेल्या भावाभाच्यांनाही. कार्य आपल्या घरचं आहे, हजेरी सगळ्यांची लागली पाहिजे.

हे ती मला दुकानात येऊन सांगत होती आणि मला इंटरनेटवरच्या त्या जागेच्या करारातली एक ओळ दिसत होती. बारीक अक्षरात होती ती. या खात्यावर एका वेळी वीसच जणांची कामं चालतील. मी ती जागा भाड्याने घेतानाच वाचली होती आणि तेव्हा मला वाटलं होतं, वीस गिऱ्हाइकं एकदम आली तर सोन्याहून पिवळं. आता मावशी बोटांवर वाड्या मोजत होती. वरची वाडी, खालची वाडी, देवळामागची आळी.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं की मावशी, सगळ्यांनी एकदम नको, हे झेपणार नाही. पण मग तिने विचारलं असतं, का नाही झेपणार? मग मला सांगावं लागलं असतं की मी स्वस्तातली जागा घेतली, मला यातलं फारसं कळत नाही, आणि आधी हो म्हटलं तेव्हाही कळत नव्हतं. मशीन गिऱ्हाईकासमोर उघडावं लागलं असतं. मी मूग गिळून गप्प बसले. एवढं काही होणार नाही, असं स्वतःला सांगितलं आणि एका गिऱ्हाइकाच्या रेशनकार्डाच्या दोन झेरॉक्स काढल्या.

आजही नव्या तांदळाचा वास आला की मला ती बारीक अक्षरातली ओळ आधी आठवते.

गुरुवारी सकाळी धुकं होतं. देवळाच्या सभामंडपात चौरंगावर माझा लॅपटॉप ठेवला होता, त्यालाही कुणीतरी हळदकुंकू लावलं होतं. बाया नव्या साड्या नेसून आल्या होत्या. समोर पटांगणात व्यापाऱ्याचा टेम्पो उभा होता. त्याची या गावातली ही शेवटची फेरी, बारा वाजता तो निघणार होता. ड्रायव्हर बोनेटला टेकून शेंगा खात मजा बघत होता. अकरा घरांची पोती अजून घरातच होती. पुढची गाडी आता पुढच्या हंगामात.

सव्वादहाला नारळ फुटला. मी कळ दाबली, दुकान उघडलं. पहिल्याच पानावर मावशीच्या ओंजळीतल्या तांदळाचा मोठा फोटो. "आलं, आलं!" असा गलका झाला, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात एक बाई म्हणाली, "माझ्यात न्हाई आलं." मग दुसरी. मग सगळ्याच. माझ्या पडद्यावरचा तांदूळही नाहीसा झाला आणि पांढऱ्या पानावर इंग्रजीत दोन ओळी उरल्या. मर्यादा संपली आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा.

थोडा वेळ कुणाला होता? प्रत्येकीने पुन्हा दाबलं. पुन्हा पुन्हा दाबलं. पिंपरीहून फोन येऊ लागले, "आत्या, उघडत नाही गं." त्या आत्या त्यांना सांगत होत्या, "परत दाब की!" मी कंपनीच्या मदतवाल्यांना लिहिलं. उत्तर आलं की तुमच्या आधी चौदा जण रांगेत आहेत. साडेदहा झाले. पावणेअकरा. ब्लाउज पाठीला चिकटला होता. मला एकच कळत होतं, की पुड्या घेऊन गेलेली लोणावळ्याच्या रस्त्यावरची माणसंही आता दारावर आली असतील आणि तीच दोन वाक्यं वाचून परत जात असतील.

"काय झालं गं?" मावशीने शांतपणे विचारलं.

"सर्व्हर डाऊन आहे," मी म्हटलं. सवयीने.

मंदाबाई, मावशीची धाकटी जाऊ, पदर खोचून उभी राहिली. "मी आधीच म्हनलं व्हतं. हितं शब्द देऊन बसायचं आन् पोती उंदरांनी खायाची. मी घालते बाई माझं भात टेम्पोत."

सगळ्या मावशीकडे बघायला लागल्या. तिने कुणाला अडवलं नाही. "ज्यांना घालायचं त्यांनी घाला," ती म्हणाली. "रागवायची न्हाई मी." मंदाबाई गेली. तिच्यामागे आणखी दोघी गेल्या. त्यांच्या घरची पोती पाठीवर घेऊन माणसं येताना मला मंडपातून दिसत होती. टेम्पोच्या फळीवर पोतं पडलं की येणारा तो दबका आवाज. पहिलं, दुसरं, तिसरं. मला वाटलं, चौथ्या पोत्याला मी रडणार.

चौथं पोतं पडलं आणि मी रडले नाही, बोलले. सगळ्यांसमोर, अगदी मोठ्याने. "मावशी, सर्व्हर डाऊन नाहीये. चूक माझी आहे. मी स्वस्तातली जागा घेतली. एका वेळी वीसच जण मावतात तिथे. मला माहीत होतं. तुम्ही सगळ्यांना एकदम बोलावलंत तेव्हाही माहीत होतं. मी बोलले नाही."

आता मावशी माझ्या तोंडावर काय म्हणेल, याची मी वाट बघत राहिले. मावशीने क्षणभर लॅपटॉपकडे पाहिलं, मग पटांगणाकडे.

"म्हंजी सगळ्यांनी एकदम मोटरी टाकल्यात, असंच ना?"

"काय?"

"अगं, इहिरीवर सगळ्यांनी एकदम मोटरी टाकल्या की डीपी उडती, लाईटच जाती. मग कुनालाच पानी न्हाई. म्हनून तर पाळ्या लावतो आपन." ती माझ्यावर ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "हे आधी सांगायचं व्हतंस, पोरी. आमाला मोटरीचं कळत न्हाई व्हय?"

मग तिने जे केलं ते मला कुठल्याही कंपनीच्या मदतवाल्याने सांगितलं नसतं. तिने बायांना आपापल्या माणसांना फोन लावायला लावले. पिंपरी, चिंचवड, देहूरोड, सगळीकडे. "बंद कर. सांगितल्याबिगर उघडू नगंस. आज वरच्या वाडीची पाळी, उद्या खालच्या वाडीची." मग तिने देवीपुढचं तांदूळ पाखडायचं सूप उचललं आणि मंडपाच्या मधोमध ठेवलं. "आता टाका ह्याच्यात फोन." पहिला फोन तिने स्वतःचा टाकला, कोपऱ्यातून काच फुटलेला. मग एकेक करून सगळ्यांनी टाकले. गुरवानेही टाकला. शेंगा खाणारा ड्रायव्हर दारात येऊन उभा होता. मावशीने त्याच्यापुढेही सूप धरलं, "तूबी बघत व्हतास न्हवं मगाधरनं?" त्याने ओशाळून आपला फोन टाकला.

सुपातले फोन थोडा वेळ वाजत राहिले, थरथरत एकमेकांवर आपटत राहिले. मग हळूहळू गप्प झाले. तेवढ्यात मी आमचे फोटो बारीक करायला घेतले. एकेक फोटो पोत्याएवढा जड होता, तेही मला आधी सुचलं नव्हतं. हे काम मी सगळ्यांच्या देखत केलं. एक बाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती आणि "ते काय गं? आन् हे?" विचारत होती आणि मी तिला सांगत होते. अब्बांनी पाहिलं असतं तर नाराजीने मान हलवली असती.

अकरा वाजून गेले. पान उघडलं. मावशीची ओंजळ परत दिसली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळ्या ऑर्डरीची वाट बघत उभ्या होत्या. टेम्पोने एकदा हॉर्न दिला. साडेअकरा. मी पानाकडे बघत होते, बाया माझ्याकडे, आणि मावशी देवीकडे पाठ करून दाराशी बसली होती, जणू भाजी निवडायला बसली आहे.

बाराला थोडा वेळ असताना पहिली ऑर्डर आली. निगडीच्या एका बाईंची, पाच किलो. खाली त्यांनी लिहिलं होतं, "लोणावळ्याहून येताना पुडी मिळाली होती. तांदूळ यंदाचा नवा आहे का? नवा असेल तर पाणी किती घालायचं ते कळवा."

मी मोठ्याने वाचलं. मावशी उठली. "लिही," ती म्हणाली. "नवा हाय. पानी कमी घाला, न्हाईतर गिच्च व्हईल. शिजताना झाकन थोडं उघडं ठेवा, घरात वास सुटू द्या." मी तिचं बोलणं जरा शहरी करून लिहिलं, पण वास सुटू द्या हे तसंच ठेवलं. मग दुसरी ऑर्डर आली. मग जरा थांबून तिसरी. टेम्पो बारा वाजता गेला. त्यात तीन घरांचं भात होतं, आठ घरांचं नव्हतं.

ड्रायव्हर जायच्या आधी सुपातून आपला फोन घेऊन गेला.

मंदाबाई नंतर महिनाभर आमच्याशी बोलत नव्हती आणि मावशी रोज तिच्या दारात जाऊन बसत होती. पुढच्या हंगामात मंदाबाईचं भात आमच्यात आलं. मी मोठी जागा घेतली, आता कितीही जण आले तरी दुकान पडत नाही. परवाच मावशीला म्हटलं, आता सगळ्यांनी एकदम उघडलं तरी चालेल. ती म्हणाली, "असूं दे. पाळीनंच बरं." माझ्या काउंटरवर आता सर्व्हर डाऊन असला तरच डाऊन असतो. नसला तर मी माणसाला आत बोलावते आणि काय अडलंय ते दाखवते. भरवसा उडत नाही. उलट लोक स्टूल ओढून बसतात आणि उठत नाहीत, हा नवा ताप.

पण मला सांगायचं आहे ते त्या वर्षीच्या पौषातलं. पाळ्या लावल्या तेव्हा मावशीने स्वतःचा नंबर सगळ्यात शेवटी ठेवला होता. वरची वाडी झाली, खालची झाली, पिंपरीचे भाचे झाले, देवळामागची आळी झाली. गिरणीत भात भरडलं जात होतं, बाया पिशव्या भरत होत्या, आणि मावशीने आपलं दुकान मुहूर्ताच्या दिवसानंतर एकदाही पाहिलं नव्हतं. मग एका दुपारी ती माझ्याकडे आली, फुटक्या काचेचा फोन पुढे केला आणि म्हणाली, "आता माझा नंबर. दाव."

मी पान उघडून फोन तिच्या हातात दिला. तिची ओंजळ दिसत होती आणि ओंजळीखाली लाल अक्षरात लिहिलेलं होतं, शिल्लक नाही.

मावशी अडखळत वाचत होती. तिचा चेहरा एकदम पांढरा पडला. त्या गुरुवारी टेम्पोत पोती पडत होती तेव्हाही तो असा झाला नव्हता. तिने काउंटरची कड धरली. तेव्हा मला कळलं की त्या दिवशी ती आमच्याकडे पाठ करून दाराशी का बसली होती. हा चेहरा कुणाला दिसू नये म्हणून.

"शबाना," तिने फोन माझ्यापुढे धरला. "परत बंद पडलं का गं?"

"नाही मावशी," मी म्हटलं. "चालू आहे. आज सकाळच्या ऑर्डरीत तांदूळ संपला तुमचा. सगळा."